एका प्रश्नाचा एक व्हिडिओ: विद्यापीठातल्या ऑनलाइन तासाची तयारी, टप्प्याटप्प्याने

मी रेकॉर्ड केलेला पहिला ऑनलाइन तास ५२ मिनिटांचा होता. वर्गात घेते तसाच घेतला, फक्त समोर बाकांऐवजी लॅपटॉप. आठवड्याने एका विद्यार्थिनीचा निरोप आला: "मॅडम, चौतिसाव्या मिनिटाला तुमचं गणित चुकलं. तुम्ही थांबलात, मागे जाऊन चिन्ह शोधलंत आणि दुरुस्त केलंत. तेवढं मी चार वेळा पाहिलं. बाकीचं नोट्समध्ये आहेच." आधी लाज वाटली. तो तुकडा कापायचा असं मी ठरवलं होतं आणि कंटाळा केला म्हणून राहून गेला होता. मग वाटलं, व्हिडिओचं काम काय असतं ते या मुलीने दोन ओळींत सांगून टाकलंय.

नोट्समध्ये आहे ते नोट्समध्येच राहू द्या. कागदावर जे उमटत नाही, म्हणजे हात कसा चालतो, डोकं कुठे अडतं आणि अडल्यावर जाणता माणूस काय करतो, ते कॅमेऱ्यापुढे आणा. पुढे जे लिहिलंय ते या हिशोबाने.

सुरुवात पेन्सिलीने

कॅमेरा, माइक, सॉफ्टवेअर यांच्या नादी लागण्याआधी एका घटकाची टिपणं छापून घ्या आणि पेन्सिल हातात घ्या. जे वाचून समजतं त्याच्यावर काट मारा. जे पाहिल्याशिवाय समजत नाही त्याला गोल करा. जे उलटसुलट विचारल्याशिवाय समजत नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका.

काट मारलेलं सगळं पीडीएफमध्ये जातं: व्याख्या, वर्गीकरणं, संज्ञांचा इतिहास, सूत्रांची यादी. वाचणारा स्वतःच्या वेगाने वाचतो आणि हवं तेव्हा मागे जातो, शिवाय कागदावर रेघ मारता येते. गोल केलेलं रेकॉर्ड करायचं. अनुमापनात रंग नेमका कोणत्या थेंबाला बदलतो, सूक्ष्मदर्शकाची पट्टी फोकसमध्ये कशी आणायची, संगणकाने दिलेल्या तक्त्यात आधी कुठल्या रकान्याकडे पाहायचं, एखादा न्यायनिर्णय वाचताना मूळ तत्त्व आणि अवांतर शेरे वेगळे कसे काढायचे. प्रश्नचिन्हाचा भाग थेट तासासाठी राखून ठेवा. तिथे तुम्ही आणि विद्यार्थी एका वेळी हजर असता, आणि ती हजेरी पाठ म्हणून दाखवण्यात घालवणं हा अपव्यय आहे.

हे काही नवं शहाणपण नाही. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ मध्ये स्थापन झालं आणि १९७१ पासून बीबीसीवर त्याचे पाठ दिसू लागले. दूरचित्रवाणीमुळे त्याचं नाव झालं खरं, पण अभ्यासाचा मुख्य भार छापील पुस्तिका आणि टपालाने जाणारे स्वाध्याय यांच्यावरच होता. पडद्यावर काय जाईल आणि कागदावर काय राहील, ही वाटणी त्यांना करावीच लागली. आपल्याकडे जागेची टंचाई नाही, म्हणून आपण सगळंच रेकॉर्ड करून टाकतो.

परीक्षेच्या तारखा, "मागच्या आठवड्यात आपण पाहिलं", "सोमवारी जमा करा" असलं काहीही रेकॉर्डिंगमध्ये बोलू नका. मी एकदा सहा व्हिडिओंमध्ये असं बोलून बसले. पुढच्या वर्षी दोन मुलांनी आदल्या वर्षीच्या तारखेला प्रकल्प जमा करायची घाई केली.

तास मोडून प्रश्न काढा

ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्हिडिओंबद्दल एक आकडा सगळीकडे फिरतो: सहा मिनिटं. तो २०१४ सालच्या एका अभ्यासातला आहे. फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रूबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या चार अभ्यासक्रमांतली ६९ लाख पाहण्याची सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी एका बैठकीत टिकण्याचा मध्यक, म्हणजे सगळ्या वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. त्याच अभ्यासात असंही दिसलं की वर्गातल्या लांब व्याख्यानाचं रेकॉर्डिंग नुसतं कापून तुकडे केले तर ते मुळातच लहान म्हणून तयार केलेल्या व्हिडिओइतके धरून ठेवत नाहीत. स्लाइडवर बोलण्यापेक्षा हाताने लिहीत समजावलेलं जास्त पाहिलं जातं, आणि उत्साहाने, जरा भरभर बोलणारे शिक्षक संथ बोलणाऱ्यांपेक्षा जास्त पाहिले जातात.

पण सहा मिनिटांना कायदा समजू नका. ते सगळे खुल्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी होते. सोडून गेले तर त्यांचं काही बिघडत नव्हतं. विद्यापीठातली मुलं परीक्षेपोटी पाऊण तासही सोसतात. सोसतात म्हणजे शिकतात असं मात्र नाही. एखादी सिद्धता १२ मिनिटं मागत असेल तर १२ द्या. मी मोजते ते प्रश्न. प्रत्येक व्हिडिओला शीर्षक म्हणून एक प्रश्न लिहा. शीर्षकात "आणि" आला की समजा, ते दोन व्हिडिओ आहेत. "प्रमाण विचलन: प्रस्तावना, सूत्र आणि उपयोग" हा व्हिडिओ करू नका. "विचलनांचे वर्ग कशासाठी करायचे?" हा करा.

दोन रकान्यांचा कागद

आता कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे काय दिसेल, उजवीकडे काय ऐकू येईल. वरचाच प्रश्न घेऊ. संख्या ४, ६, ८, १०, १२. माझा कागद असा होता:

०:०० – दिसतं: रेषेवर पाच ठिपके. बोलायचं: "या संख्या किती पसरल्या आहेत ते एकाच आकड्यात सांगायचंय." नमस्कार, माझं नाव, आजचा विषय, यातलं काही नाही.

०:४० – सरासरी ८ वर उभी रेघ. विचलनं, म्हणजे सरासरीपासूनचे फरक, हाताने लिहायची: −४, −२, ०, २, ४.

१:३० – "यांची सरासरी काढा. व्हिडिओ थांबवा आणि करून पाहा." पडद्यावर फक्त पाच विचलनं. मीही तीन-चार सेकंद गप्प.

१:४० – बेरीज शून्य. पेन थांबतं. "शून्य? म्हणजे पसरल्याच नाहीत का?" इथे मुद्दाम अडायचं. मग सरासरीच्या दोन्ही बाजूंचं ओझं नेहमी सारखंच का असतं ते दाखवायचं.

३:०० – वाटा दोन. उणे चिन्हं पुसली तर बेरीज १२, भागिले ५, म्हणजे २.४. ही वाटही बरोबर आहे हे स्पष्ट सांगायचं. वर्ग केले तर १६, ४, ०, ४, १६. बेरीज ४०, भागिले ५, म्हणजे ८.

४:१५ – दुसरी अडचण: "सगळ्यात दूरची संख्या सरासरीपासून ४ अंतरावर आहे आणि पसारा ८?" एककांचेही वर्ग झाले, म्हणून वर्गमूळ. २.८३, हेच प्रमाण विचलन.

५:१५ – "१२ च्या जागी २२ आली तर २.४ आणि २.८३ यांतला कोणता आकडा जास्त पटीने फुगेल?" उत्तर द्यायचं नाही. व्हिडिओ संपला.

(तुमच्यासाठी उत्तर: पहिला आकडा बरोबर दुप्पट होऊन ४.८ होतो, दुसरा ६.३२, म्हणजे दुपटीच्या वर. थेट तासाची सुरुवात इथूनच करायची.)

५ ने भागायचं की एक वजा करून ४ ने, हा प्रश्न तिसऱ्या मिनिटापासून दारात उभा असतो. त्याला आत घेऊ नका. तो पुढचा व्हिडिओ. या कागदावर सगळ्यात अवघड जातं ते हेच. वर्गात तोंडाला येईल ते बोलायची सवय असते आपल्याला.

सगळं शब्दशः लिहून वाचलंत तर ऐकणाऱ्याला दहा सेकंदांत कळतं. नुसते मुद्दे ठेवलेत तर सुरुवातीला अडखळायला होतं आणि शेवट लांबत जातो. मी पहिलं आणि शेवटचं वाक्य पूर्ण लिहून काढते, मधलं तोंडी. तरी एकदा घड्याळ लावून मोठ्याने म्हणून बघा. मनात म्हटलेलं चार मिनिटांचं तोंडाने सात मिनिटांचं होतं.

पडद्यावर काय असावं

रिचर्ड मेयर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात शब्द आणि चित्रं एकत्र आली की माणूस कसा शिकतो यावर कित्येक दशकं प्रयोग केले. त्यातलं शिक्षकाच्या रोजच्या उपयोगाचं एवढं: चित्र समजावताना शब्द कानाला द्या, डोळ्याला चित्रच राहू द्या. चित्र आहे, बोलणं आहे आणि तेच बोलणं स्लाइडवर लिहिलेलंही आहे, असं झालं की डोळे चित्र सोडून वाचायला लागतात. मजेदार पण विषयाशी संबंध नसलेली चित्रं, पार्श्वसंगीत, उडत येणारी अक्षरं यांनी नुकसानच होतं. जिथे पाहायचं तिथे त्याच क्षणी बाण किंवा वर्तुळ आलं तर फायदा.

म्हणून वर्गातली पीपीटी जशीच्या तशी वापरू नका. माझी पद्धत अशी: प्रत्येक स्लाइडवरची वाक्यं उचलून खालच्या टिपणांच्या जागेत टाकते आणि वर काय उरतं ते बघते. काहीच उरलं नाही तर ती स्लाइड म्हणजे नोट्सचं पान होतं. उरलेल्या स्लाइडची अक्षरं फोनवर उघडून, हात लांब धरून वाचते. वाचता आली नाहीत तर मोठी करते. तळाशी सबटायटलसाठी पट्टा मोकळा ठेवा आणि तुमचा चेहरा कोपऱ्यात दिसणार असेल तर तो कोपराही. समीकरणाचं शेवटचं पद माझ्या कपाळामागे गेलेला एक व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे.

लिहिण्यासाठी पेन असलेला टॅब्लेट उत्तम. नसेल तर फोन स्टँडवर लावून कॅमेरा खाली करा आणि कोऱ्या कागदावर जाड मार्करने लिहा. बॉलपेनची रेघ पडद्यावर दिसत नाही. फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर हात आत-बाहेर झाला की चित्र दर वेळी उजळतं, मंदावतं. कागद टेबलाला चिकटपट्टीने लावा.

काचेच्या उजळलेल्या फळ्यामागे उभं राहून लिहिणारे शिक्षक तुम्ही पाहिले असतील. त्याला लाइटबोर्ड म्हणतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या मायकेल पेश्किन यांनी तो पुढे आणला. शिक्षक नेहमीसारखंच लिहितो, नंतर चित्र आरशासारखं उलटवतात. दिसतं झकास. पण अक्षरं छापलेला सदरा घातलात तर ती अक्षरं उलटी दिसतात, आणि असा फळा आहे म्हणून विषय सोपा होत नाही. विद्यापीठात असेल तर वापरा, नसेल तर त्याच्यासाठी अडून बसू नका.

आवाज

खर्च करायचाच असेल तर इथे करा. चित्र जरा धुरकट असलं तर मुलं चालवून घेतात. आवाज घुमत असला, पंख्याच्या घरघरीत शब्द हरवत असला, की दोन मिनिटांत बंद करतात. आणि जी बंद करत नाहीत त्यांची अर्धी शक्ती ऐकण्यातच जाते.

आधी खोली निवडा. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून टणटण ऐकू आली तर ती तुमच्या प्रत्येक शब्दामागून येणार. रिकाम्या भिंती आणि फरशी हे त्याचं कारण. पुस्तकांची रॅक, पडदे, गादी असलेली खोली बरी. काहीच नसेल तर तुमच्या समोरच्या आणि मागच्या बाजूला जाड चादरी टांगा. कपड्यांचं कपाट उघडं टाकून त्याच्याकडे तोंड करून बोललं तरी फरक पडतो. हसू नका, मी दोन सत्रं असंच केलं.

मग अंतर. लॅपटॉपचा माइक तुमच्यापासून हातभर लांब आणि स्वतःच्या पंख्याच्या शेजारी असतो, म्हणून तो नको. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा; ओढणी, गळ्यातलं किंवा जाकिटाची कड त्याला घासणार नाही असा. टेबलावरचा माइक तोंडापासून वीत-दीड वीत आणि थोडा बाजूला ठेवा, म्हणजे प, फ, ब, भ यांची हवा थेट त्याच्यावर आदळत नाही. मराठीत महाप्राण अक्षरं भरपूर. "फलन", "भागफल" म्हणून बघा, धप्प असा आवाज आला तर माइक अजून तिरका करा.

आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. नेहमीच्या बोलण्याचे उंचवटे −१२ ते −६ डेसिबलच्या दरम्यान यावेत. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला पुन्हा शिवता येत नाही. हळू आलेला नंतर वाढवता येतो. म्हणून चूक करायचीच तर हळूच्या बाजूने करा.

पंखा, एसी, फ्रिज बंद. मग ३० सेकंद रेकॉर्ड करा आणि ऐका: एकदा हेडफोनवर, एकदा फोनच्या स्पीकरवर. ही तीस सेकंदं दर वेळी, कालच केलं होतं तरी. मी एक अख्खी दुपार कॉलर माइक लावून चार व्हिडिओ केले. संध्याकाळी कळलं की माइकचं बटण बंदच होतं आणि सगळा आवाज लॅपटॉपने घेतला होता, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांसकट. चारही पुन्हा केले.

कॅमेरा आणि उजेड

याला फार वेळ देऊ नका. खिडकी तुमच्या समोर असावी, पाठीमागे नको. लेन्स डोळ्यांच्या उंचीवर. त्यासाठी पुस्तकांचा ढीग पुरतो. फोनने घेत असाल तर मागचा कॅमेरा वापरा, बहुतेक फोनमध्ये तोच चांगला असतो. कृत्रिम दिव्यांत चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसले तर शटरचा वेग विजेच्या वारंवारतेशी जुळवा: ५० हर्ट्झला १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झला १/६०. चेहरा कायम दिसायला हवा असं नाही. सुरुवातीला आणि जिथे "इथे मीही गोंधळते" असं सांगायचंय तिथे दिसू द्या. हात लिहीत असताना हातच दिसू द्या.

रेकॉर्डिंगचा दिवस

पडदा, कॅमेरा आणि आवाज एकत्र घेण्यासाठी ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ते मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. आधी दृश्यं बनवून ठेवा: एकात फक्त चेहरा, एकात फक्त पडदा, एकात कागदावरचा कॅमेरा. प्रत्येकाला एक बटण नेमून द्या. आकार १९२० × १०८०, सेकंदाला ३० चौकटी. फाइल एमकेव्ही प्रकारात घ्या. वीज गेली, संगणक अडकला तरी तिथवरचं एमकेव्ही रेकॉर्डिंग वाचतं. साधी एमपी-फोर फाइल मात्र अर्धवट राहिली तर बहुधा उघडतच नाही. नंतर ओबीएसमधल्याच रीमक्स या सोयीने ती क्षणात एमपी-फोर करता येते.

फोन विमान मोडवर, संगणकावरच्या सूचना बंद, ब्राउझरमध्ये नवं कोरं प्रोफाइल. नाहीतर प्रतिगमन शिकवताना कोपऱ्यात घरचा निरोप झळकतो.

सुरू केल्यावर दहा सेकंद काहीही न बोलता बसा. खोलीची ती शांतता पुढे जोडकामाला लागते. दोन वाक्यांमधली जागा पूर्ण निःशब्द केली तर कानाला खड्डा जाणवतो.

जीभ अडखळली तर रेकॉर्डिंग थांबवू नका. एक टाळी वाजवा, श्वास घ्या, वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हणा. एडिटिंगला बसल्यावर टाळी आवाजाच्या आलेखात सुळक्यासारखी उभी दिसते. सगळं ऐकत बसावं लागत नाही. मात्र जिभेची चूक आणि विचारांची चूक यांत फरक करा. "समलंब"च्या जागी "समांतर" तोंडातून गेलं तर टाळी. चिन्ह चुकलं आणि तीन ओळींनंतर तुमच्याच लक्षात आलं तर टाळी वाजवू नका. "थांबा, हे उत्तर उणे यायला हवं होतं" असं मोठ्याने म्हणा आणि चूक कुठे झाली ते शोधताना दिसू द्या. ही चूक कशावरून ओळखली, तेही बोला.

एका दिवशी तीन-चार व्हिडिओंच्या वर जाऊ नका. पाचव्यात तुम्ही थकलेले आहात हे आवाजात येतं.

काटछाट

टाळ्यांच्या खुणांवर काप, सुरुवातीची-शेवटची रिकामी सेकंदं काप, आवाज सगळीकडे सारखा कर, संपलं. सहा मिनिटांच्या व्हिडिओला तासाभरापेक्षा जास्त लागायला लागला तर एडिटिंगमध्ये नाही, दोन रकान्यांच्या कागदात गडबड आहे. प्रत्येक "अं" काढायच्या मागे लागू नका. आणि प्रश्न विचारल्यानंतरची शांतता तर मुळीच काढू नका. आपोआप शांतता कापणारी सॉफ्टवेअर नेमकी तीच आधी खातात.

शेवटची फाइल एमपी-फोर, एच.२६४ प्रकारात. लिखाण आणि स्लाइड असतील तर ७२०पी पुरतं. आकाराचा हिशोब सोपा आहे: सेकंदाला १.५ मेगाबिट धरले तर १० मिनिटांचे ९०० मेगाबिट, भागिले ८, म्हणजे साधारण ११२ एमबी. स्थिर पानावर हात लिहितोय एवढंच असेल तर ०.५ मेगाबिटमध्येही भागतं, आणि फाइल ३८ एमबीच्या आसपास येते. मोबाइल डेटावर शिकणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे. डाउनलोड करायची मुभा ठेवा.

सबटायटल

हे कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी आवश्यक आहेच. वेबवरच्या सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला सबटायटल ही सगळ्यात खालच्या, म्हणजे "ए" पातळीची अट आहे. बसमध्ये आवाज बंद ठेवून पाहणारा, ज्याची मातृभाषा वेगळी आहे तो, परीक्षेच्या आदल्या रात्री एक शब्द शोधणारा, हे सगळेही त्यांच्यावरच जगतात.

यंत्राने काढलेली सबटायटल पाया म्हणून घ्या, पण तपासल्याशिवाय लावू नका. आपण मराठीत बोलता बोलता इंग्रजी संज्ञा वापरतो आणि यंत्र तिथेच घसरतं. चुका विखुरलेल्या नसतात, नेमक्या संज्ञांवर आणि आकड्यांवर असतात, म्हणजे जिथे असायला नकोत तिथेच. सहा मिनिटांना मला अर्धा तास लागतो. फाइल हाताने दुरुस्त करताना एवढं लक्षात ठेवा की एसआरटी प्रकारात सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये स्वल्पविराम असतो, व्हीटीटीमध्ये टिंब. तेवढ्यावरून फाइल नाकारली जाते.

दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठीचं काम बोलतानाच होतं. "हे इथून इकडे गेलं" असं म्हणू नका. "उणे चार डावीकडून उजवीकडे गेलं" म्हणा. डोळस मुलांनाही ते बरं पडतं.

पाहणाऱ्याला काम

२०१३ साली हार्वर्डमधल्या संशोधकांनी संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं रेकॉर्ड केलेलं व्याख्यान चार भागांत दाखवलं. ज्यांना प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिली त्यांचं मन कमी भरकटलं, त्यांनी टिपणं जास्त काढली आणि शेवटच्या परीक्षेतही ते पुढे राहिले. म्हणून थांबून करायचं काम व्हिडिओच्या आतच ठेवा. मूडलसारख्या, अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायच्या व्यवस्थेत एचफाइव्हपी हे साधन वापरून व्हिडिओ ठरावीक क्षणी थांबवून प्रश्न विचारता येतो. "वरीलपैकी कोणतं विधान बरोबर" यापेक्षा "पुढे काय होईल?" असा प्रश्न घाला. वरच्या उदाहरणात १:३० ला मी एकच रकाना ठेवते: तुमची सरासरी किती आली? गुण नाहीत. शून्य आलं म्हणून "माझं काहीतरी चुकलं" असं लिहिणारे दर वर्षी असतात, आणि थेट तासाला मी त्यांच्यापासून सुरुवात करते, नाव न घेता.

थेट तासात पुन्हा तोच व्हिडिओ सांगू नका. एकदा "ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात" म्हणालात की पुढच्या आठवड्यापासून कोणीच पाहणार नाही. कॅमेरे सुरू ठेवायची सक्ती मी सोडून दिली आहे. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ-बैठकीच्या थकव्याची चार कारणं मांडली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा सारखा दिसणं, एका जागी खिळून बसणं, आणि हावभाव पोचवायला-ओळखायला लागणारे जादा कष्ट. स्वतःचा चेहरा लपवायचं बटण विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी दाखवा. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजा. टंकायला वेळ लागतो. आणि थेट तास रेकॉर्ड करणार असाल तर आधी सांगा. रेकॉर्डिंग सुरू आहे म्हटल्यावर बावळट वाटणारे प्रश्न येईनासे होतात, आणि आपल्याला तेच हवे असतात. मी शेवटची पंधरा मिनिटं रेकॉर्डिंग बंद करते.

चढवताना

फाइलचं नाव क्रमांक, प्रश्न आणि कालावधी मिळून द्या: "०७ विचलनांचे वर्ग कशासाठी – ५ मि. ४० से." दुसऱ्याच्या पुस्तकातली आकृती वापरली असेल तर परवानगीचा प्रश्न येतो, आणि लॉगिनच्या आत दाखवणं व सगळ्या जगासाठी खुलं करणं यांना नियम सारखे नसतात. ग्रंथालयात विचारून घ्या, किंवा आकृती स्वतः काढा. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची आकृती असेल तर कर्त्याचं नाव आणि परवाना तिथेच लिहा.

दुसऱ्या वर्षी

सत्र संपलं की प्रत्येक व्हिडिओचा पाहण्याचा आलेख उघडा. तो हळूहळू उतरत जाणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पाहायचे ते अचानक आलेले उंचवटे आणि जिथे आलेख एकदम खाली कोसळतो ते कडे. उंचवटा म्हणजे पुष्कळ जणांनी मागे येऊन तोच भाग पुन्हा पाहिला. तिथे एक तर सगळ्यात उपयोगी गोष्ट असते, नाही तर सगळ्यात वाईट समजावलेली. कोणती ते आलेख सांगत नाही, दोन विद्यार्थ्यांना विचारावं लागतं. माझ्या प्रमाण विचलनाच्या व्हिडिओत १:४० ला उंचवटा होता, तो मला अपेक्षित होता. दुसरा ४:१५ ला होता. विचारल्यावर कळलं की वर्गमूळ घेताना मी ८ बोलले होते आणि हाताने ६ लिहिला होता.

तेवढी वीस सेकंदं पुन्हा रेकॉर्ड केली, त्याच खोलीत, त्याच माइकवर. यासाठीच एडिटिंगची मूळ प्रोजेक्ट फाइल, कच्चं रेकॉर्डिंग आणि दोन रकान्यांचा तो कागद एकाच फोल्डरमध्ये जपून ठेवायचा. कागदाच्या मागे माइक कुठला होता, पातळी किती होती आणि खिडकी कुठल्या बाजूला होती तेही लिहा.